शिरोरेखेतून उतरणारा रंग

पॉलिअ‍ॅनिलीन या पॉलिमरचा हिरवा रंग काचेवर सगळीकडे एकदम येत नाही. पहिल्या काही फेऱ्यांत डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त संगणकाच्या पडद्यावरची रेघ दर फेरीला जराशी फुगते. मग वर, काच जिथे क्लिपला लावलेली असते त्याच्या खाली, आम्लाच्या पातळीला लागून पोपटी छटा उमटते आणि गडद होत होत खाली सरकते. थोडा पॉलिमर तयार झाला की पुढचं भराभर होतं, कारण तयार झालेला थरच पुढच्या थराला हातभार लावतो. बीकरमध्ये आयटीओची, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थर दिलेली काच, शेजारी प्लॅटिनमची तार, संदर्भासाठी कॅलोमेल इलेक्ट्रोड, आणि या तिघांभोवती सल्फ्युरिक आम्लात विरघळवलेलं अ‍ॅनिलीन. व्होल्टेज उणे ०.२ पासून अधिक ०.९ पर्यंत जातं आणि परत येतं, सेकंदाला ५० मिलिव्होल्ट या संथ गतीने. थर पुरेसा झाला की काच काढून धुवायची, नुसत्या आम्लात बुडवायची आणि व्होल्टेज बदलत बसायचं. उणे बाजूला थर जवळजवळ पारदर्शक, किंचित पिवळसर. वर गेलं की हिरवा, आणखी वर निळा, त्याच्याही पुढे जांभळ्याकडे झुकलेला. खाली आणलं की तेच रंग उलट क्रमाने.

इतकी वर्षं हे बघते आहे, तरी हिरवा परत आला की बरं वाटतं.

मी शिकले बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात. ते १९६२ साली सुरू झालं आणि आमच्या भागातल्या कितीतरी घरांतलं पहिलं विज्ञानाचं शिक्षण तिथे झालं. शिकवते इंदापुरात. त्यामुळे या दोन गावांमधला रस्ता हा माझ्या प्रयोगशाळेचाच भाग झाला आहे. भवानीनगरचा साखर कारखाना, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्येमध्ये डाळिंब. डब्यात कापसाच्या घड्यांत उभ्या ठेवलेल्या काचा मांडीवर घेऊन मी हा रस्ता पुष्कळदा केला. सूक्ष्मदर्शकाखाली थराचं छायाचित्र घ्यायचं असेल तर दुसऱ्या रस्त्याने, भिगवणवरून पुण्याला जायचं. तिथे नमुन्यांचा नंबर लागायला वेळ लागतो. नंबर लागला तरी वीस मिनिटांत आपलं काम उरकावं लागतं, म्हणून कोणत्या काचेचा कोणता कोपरा बघायचा हे आधी कागदावर लिहून नेण्याची सवय मला लागली. ही सवय आता मी विद्यार्थ्यांनाही लावते. मोठ्या उपकरणापर्यंत पोचण्याआधी साध्या डोळ्यांनी नमुना नीट बघून झालेला असला पाहिजे.

रंग का बदलतो, हे सांगायला मला कधी कंटाळा येत नाही. या पॉलिमरच्या लांब साखळीत इलेक्ट्रॉन एका बंधात अडकून न राहता साखळीभर पसरलेले असतात. व्होल्टेज वाढवलं की त्यातले काही इलेक्ट्रॉन बाहेर काढले जातात आणि हिशोब जुळवायला आम्लातले ऋण आयन थरात शिरतात. इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या बदलल्या की साखळी कोणता प्रकाश शोषून घेणार तेही बदलतं. फिक्या अवस्थेत शोषण ३२० नॅनोमीटरच्या आसपास होतं, म्हणजे अतिनील पट्ट्यात, म्हणून डोळ्यांना काही जाणवत नाही. हिरव्या अवस्थेत ४३० च्या आसपास आणि ८०० च्या आसपास असं दोन्ही टोकांना शोषण होतं. एकीकडून जांभळा-निळा गेला, दुसरीकडून लाल गेला, मधला हिरवा आपल्यापर्यंत पोचला. म्हणजे थराचा रंग बघून साखळीतून किती इलेक्ट्रॉन गेले आहेत याचा अंदाज बांधता येतो. इलेक्ट्रॉन कधी दिसत नाहीत असं शाळेत शिकलेल्या मुलीला जेव्हा कळतं, की आपण त्यांची ये-जा नुसत्या डोळ्यांनी वाचतो आहोत, तेव्हा ती काचेवरून नजर हटवत नाही.

आणि हे फार जुनं आहे. अ‍ॅनिलीनपासून रंग येतात हे रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ च्या सुमारास नोंदवलं होतं. १८६२ साली लंडनमधल्या हेन्री लेथबी या डॉक्टरने आम्लातल्या अ‍ॅनिलीनमधून वीज सोडली आणि प्लॅटिनमवर गडद निळसर थर जमा झाला. लेथबी विषबाधेचा अभ्यासक होता. अ‍ॅनिलीन कातडीतूनही अंगात जातं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटवतं. ओठ, नखं निळी पडतात. म्हणून आमच्याकडे हातमोजे घातल्याशिवाय बाटलीला कुणी हात लावायचा नाही, आणि ऊर्ध्वपातन धुराड्याखालीच. ताजं अ‍ॅनिलीन पाण्यासारखं रंगहीन असतं. हवा आणि उजेड लागला की तपकिरी होत जातं. तपकिरी बाटलीतून थेट प्रयोग केला तर थर चिवट होत नाही, हे मी एका वाक्यात सांगते, पण विद्यार्थ्यांना पटतं ते दोन्ही काचा शेजारी ठेवल्यावरच.

लेथबीचा थर वीजही वाहतो, याकडे जगाचं नीट लक्ष जायला पुढे शंभरावर वर्षं गेली. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी आयोडिनची जोड देऊन पॉलिअ‍ॅसिटिलीनची विद्युतवाहकता प्रचंड वाढवता येते हे दाखवलं आणि प्लॅस्टिक म्हणजे विजेला अडवणारा पदार्थ ही समजूत मोडली. २००० साली त्या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा मी एम.एस्सी. करत होते. पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही, पण मॅकडायर्मिड यांनी पुढे ज्याच्यावर पुष्कळ काम केलं ते पॉलिअ‍ॅनिलीन पाण्यात, हवेत, साध्या तापमानाला करता येतं. तालुक्याच्या प्रयोगशाळेसाठी याहून मोठी गोष्ट नाही. याला निर्वात यंत्रणा लागत नाही, भट्टी लागत नाही, धूळविरहित खोली लागत नाही. एक-सव्वा व्होल्टच्या आत सगळं नाट्य घडतं.

महाराष्ट्रात रंग बदलणाऱ्या पातळ थरांची परंपरा आहे, ती मुख्यतः टंगस्टन ऑक्साइडची. सत्येन देब यांनी १९६९ साली या ऑक्साइडचा गुण जगापुढे मांडला आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. प्रमोद पाटील यांच्या गटाने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. ऑक्साइड टिकाऊ असतं. पॉलिमर रंगांच्या बाबतीत श्रीमंत असतो, लवचिक असतो, पण नाजूक असतो. माझ्या कामाचा बहुतेक वेळ या नाजूकपणाशी झगडण्यात गेला आहे.

रंग आणणं सोपं आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली मुलं एका दुपारी आणतात. तोच रंग हजाराव्या वेळी तितकाच यावा, यासाठी पीएच.डी. पुरत नाही. निळ्या-जांभळ्या अवस्थेपर्यंत थराला नेलं की साखळी इतकी उघडी पडते की पाणी तिच्यावर हल्ला करतं. साखळी तुटते आणि तुकडे बेंझोक्विनोनच्या रूपात सुटे होतात. याची खूण व्होल्टेज आणि प्रवाहाच्या आलेखात सापडते. निरोगी थराला दोन शिखरं असतात. सडायला लागलेल्या थराला त्यांच्या मधोमध, अर्ध्या व्होल्टच्या जवळपास, तिसरं उगवतं. सुरुवातीला तो एक किंचितसा फुगवटा असतो. काच अजून सुरेख हिरवी-निळी दिसत असते, बघणारे वाहवा करत असतात, आणि त्या मधल्या फुगवट्याकडे बघून मला कळलेलं असतं की हिचे दिवस भरत आले. डोळ्यांना रंग भुरळ घालतो, म्हणून आलेख आधी बघावा, मग काच, असा क्रम मी माझ्यापुरता ठरवून घेतला आहे.

शेवटी आम्ही निळा सोडून दिला. थर वाढवताना ०.९ पर्यंत जावंच लागतं, पण वापरताना अर्ध्या व्होल्टच्या पुढे जायचं नाही, फिका आणि हिरवा एवढ्यावरच समाधान मानायचं. थराचं आयुष्य लगेच वाढलं. गेलेला निळा पेडॉट या दुसऱ्या पॉलिमरकडून परत मिळाला. हा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत बायर कंपनीत तयार झाला आणि त्याचा स्वभाव पॉलिअ‍ॅनिलीनच्या बरोबर उलट आहे. त्याला इलेक्ट्रॉन दिले की तो गडद निळा होतो, काढून घेतले की जवळजवळ पारदर्शक. त्यामुळे एका काचेवर पॉलिअ‍ॅनिलीन, समोरच्या काचेवर पेडॉट आणि मध्ये आम्ल मिसळलेल्या पीव्हीएचा, म्हणजे पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा जेल असा सँडविच केला, की एकाने सोडलेले इलेक्ट्रॉन दुसरा घेतो, दोघेही एकाच वेळी गडद होतात आणि एकाच वेळी फिके. हिरवा आणि निळा एकावर एक पडून काळपट मोरपंखी रंग होतो, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो चांगला उठून दिसतो.

याचा डिस्प्ले कशाचा करायचा, हा प्रश्न माझ्यापुरता इंदापूरच्या उन्हाने सोडवला. रंग बदलायला सेकंदभर तरी लागतो, मोठी काच असेल तर जास्तच. त्यावर सिनेमा दिसणार नाही. दूरदर्शन संचाशी याची तुलना करणारे लेख वाचले की मला वाईट वाटतं, कारण तिथे हा पदार्थ हरणारच. पण ज्या पाटीवरचा मजकूर पाच-दहा मिनिटांनी एकदा बदलतो आणि जी भर दुपारी वाचायची असते, तिथे हा जिंकतो. एलईडीच्या पाटीला उन्हाशी उजेडाने झुंजावं लागतं. रंग बदलणारा थर स्वतः प्रकाशत नाही, तो छापील कागदासारखा पडलेल्या उजेडात वाचायचा, म्हणून ऊन जितकं कडक तितका स्पष्ट. परदेशात हे तत्त्व काही वस्तूंमध्ये रुळलं आहे. मोटारींचे रात्री आपोआप काळे होणारे, मागचं दाखवणारे आरसे आणि बोइंग ७८७ च्या बटणाने अंधारणाऱ्या खिडक्या ही त्याची ठळक उदाहरणं. आमची गरज वेगळी. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापुरात येते, तेव्हा गाड्यांचे मार्ग बदलतात आणि कुठली गाडी कुठून सुटणार हे सांगणारी पाटी उघड्यावरच लागते.

एकदा अशा सँडविच सेलला रंग चढवून मी वायर काढून ठेवली आणि दुसऱ्या तासाला गेले. परत आले तर तिसऱ्या वर्षातली एक मुलगी काचेसमोर उभी.

“मॅडम, वायर तर काढलीय. मग रंग कसा राहिला?”

“इलेक्ट्रॉनांना परत जायला वाटच नाही ठेवली आपण.”

ती जरा विचार करून म्हणाली, “म्हणजे फक्त बदलताना वीज लागते. अक्षर लिहून ठेवलं की झालं.”

तिचं बरोबर होतं, जरी रंग हळूहळू उतरतो आणि अधूनमधून व्होल्टेजचा एक ठोका द्यावा लागतो. आम्ही फळ्यावर ढोबळ हिशोब केला. चांगला गडद होण्यासाठी चौरस सेंटिमीटरला सुमारे १० मिलिकूलॉम विद्युतभार धरा. दुरून वाचता येईल अशा एका शब्दाचं रंगीत क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे दीड कूलॉम, आणि एका व्होल्टच्या हिशोबाने दीड ज्यूल. पाच वॉटचा एलईडी दिवा तेवढी ऊर्जा अर्ध्या सेकंदाच्या आत खर्च करतो. उरलेला तास फळ्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नाही.

पण शब्द लिहायचा कसा? बाजारातले अंक सात सरळ पट्ट्यांचे असतात. त्यांच्यात इंग्रजी अंक बसतात; आपला ३, ६ किंवा ९ त्यात बसवायला गेलं की ओळखू येत नाही. त्याच मुलीने काचेवर सरळ देवनागरीत लिहायचं ठरवलं. तिने आयटीओ काचेवर, मल्टिमीटरने वाहक बाजू शोधून, बारीक ब्रशने नेलपॉलिशमध्ये ‘बारामती’ असा शब्द काढला. वाळल्यावर वर जस्ताची पूड भुरभुरली आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं. बुडबुडे आले, आणि नेलपॉलिश नव्हतं तिथला आयटीओ गेला. काच धुवून अ‍ॅसिटोनने नेलपॉलिश पुसलं, तर हातात उरली कोरी, पारदर्शक काच. शब्द काचेवर आहे, पण दिसत नाही. मल्टिमीटरची दोन टोकं काचेवर फिरवत तो आम्ही चाचपून घेतला: इथे वाहतं, इथे नाही, हे ब चं पोट, हा काना.

मग ती काच अ‍ॅनिलीनच्या आम्लात गेली, आणि मला आजवर न सुचलेली एक गोष्ट समोर दिसली. देवनागरी शब्दातली सगळी अक्षरं शिरोरेखेने जोडलेली असतात. रोमन लिपीत प्रत्येक अक्षराला वेगळी वायर द्यावी लागली असती. इथे क्लिप शिरोरेखेच्या टोकाला लावली आणि वीज तिच्यातून ब ला, र ला, म ला, त ला आपोआप पोचली. रंग आधी शिरोरेखेत आला आणि तिथून अक्षरांच्या पायांत उतरला. हाताने लिहिताना आपण अक्षरं आधी काढतो आणि रेघ शेवटी ओढतो. काचेवर रेघ आधी आणि अक्षरं मागून. प्रयोगशाळेतले मामासुद्धा हातातलं काम टाकून येऊन उभे राहिले.

अडचण नव्हती असं नाही. आयटीओला स्वतःचा रोध असतो, त्यामुळे क्लिपपासून लांब जाऊ तसं व्होल्टेज कमी पडत जातं. उसाला एका टोकाने पाणी सोडलं की लांबची सरी उशिरा भिजते, तसंच हे. ‘ती’ची वेलांटी शेवटपर्यंत फिकी राहिली आणि पहिला ‘बा’ गरजेपेक्षा जाड झाला. जाड थर नंतर सोलून निघतो. शिरोरेखा रुंद केली, तिच्यावर काठाने तांब्याची पट्टी चिकटवून ती आम्लाच्या वर ठेवली आणि दोन्ही टोकांना क्लिप लावली, तेव्हा शब्द एकसारखा झाला. ‘इंदापूर’ने वेगळंच कोडं घातलं. त्यातला अनुस्वार शिरोरेखेपासून सुटा असतो, त्याला वीज कुठून मिळणार? त्याच्यासाठी एक केसाएवढी आयटीओची वाट ठेवली. जवळून बघितलं तर बिंदूला देठ दिसतो, तीन-चार मीटरवरून दिसत नाही.

या साऱ्यात माझा मोठा शत्रू ऊनच आहे. ज्या उन्हात पाटी सुंदर वाचता येते त्याच उन्हात ती मरते. मे महिन्यात खिडकीत ठेवलेल्या सेलमधला जेल कडेने सुकत आला, मग एक बुडबुडा शिरला, आणि बुडबुड्याच्या जागी रंग बदलणं कायमचं थांबलं. पाणी उडू नये म्हणून कडा इपॉक्सीने बंद केल्या, तर उष्णतेने इपॉक्सीच्या सांध्यात भेग गेली. लोडशेडिंगच्या वर्षांत थर वाढताना मध्येच वीज जायची आणि अर्धवट थर अ‍ॅनिलीनमध्ये बुडालेला राहायचा, ते इन्व्हर्टर आल्यावर संपलं. बोअरचं पाणी इतकं जड की ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात आतून पांढरा थर बसतो, तो दर काही दिवसांनी आम्लाने काढतो. या अडचणींना उपाय आहेत. सुकण्यावर मात्र अजून खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही. सहज न उडणाऱ्या द्रावकातला लिथियम क्षाराचा जेल घेतला तर सुकणं थांबतं, पण पॉलिअ‍ॅनिलीनला आपला हिरवा रंग टिकवायला आम्ल लागतं आणि अशा जेलमध्ये ते मंदावतं. सध्या आम्ही दोन्हींच्या मधलं काही जमतं का ते बघतो आहोत.

मध्यंतरी एक विद्यार्थी हिरवा थर दिलेली गाळणकागदाची पट्टी घेऊन आला. त्याच्या घरी कोंबड्या आहेत. पट्टी अमोनियाच्या बाटलीच्या तोंडावर धरली की काही क्षणांत निळी पडते, कारण अमोनिया थरातलं आम्ल काढून घेतो. आम्लाच्या वाफेवर धरली की परत हिरवी. त्याला ती कोंबड्यांच्या शेडमध्ये टांगायची होती. मी त्याला दिली. आमच्या भागातल्या मुलांना उपयोग शोधायला शिकवावं लागत नाही, ते घरूनच प्रश्न घेऊन येतात. त्यांना पदार्थ हाताळायला मिळाला पाहिजे, तोही पहिल्या वर्षापासून, आणि त्यासाठी लागणारी आयटीओ काच महाग आहे हीच मला सर्वात जास्त टोचणारी गोष्ट आहे. इंडियम हा धातू दुर्मीळ आहे. म्हणून एका काचेचे चार तुकडे करून वापरतो, थर आम्लात घासून काढतो आणि तीच काच पुन्हा घेतो. फार उणे व्होल्टेज दिलं तर आयटीओ स्वतःच काळवंडतो आणि काच कायमची जाते, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लावला आहे.

यंदा चार गावांची नावं चार काचांवर करायची आहेत: बारामती, इंदापूर, भिगवण, फलटण. एकामागे एक ठेवलेल्या काचांत हवी ती गडद करायची आणि बाकीच्या फिक्या ठेवायच्या, म्हणजे एका चौकटीत चार पाट्या. फिक्या अवस्थेतही पिवळट छटा राहते आणि चार काचांची मिळून ती वाढते, म्हणून थर पातळ ठेवावे लागतील, आणि पातळ थर गडद कमी होतो. ‘भिगवण’चं रेखाटन सध्या टेबलावर आहे. ‘भि’ची वेलांटी शिरोरेखेवरून वळून खाली येते, त्या वळणात वीज अडू नये म्हणून ती जाड करावी असं माझं म्हणणं, आणि जाड केली तर अक्षर बसकं दिसतं असं ‘बारामती’ काढणाऱ्या त्या मुलीचं.